वेळापत्रक आणि पंगत

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले शिरपूर हे गाव महाराष्ट्राबाहेरच्या जैनांना जितके ठाऊक आहे, तितके महाराष्ट्रातल्या इतरांना नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती इथे आहे. ती जमिनीला टेकलेली नाही, अधांतरी आहे, अशी श्रद्धा. एलिचपूरच्या राजाचा त्वचारोग इथल्या पाण्याने बरा झाला आणि मग ही मूर्ती सापडली, अशी कथा सांगतात. एके काळी मूर्तीखालून घोडेस्वार जाऊ शके आणि आता जेमतेम धागा सरकतो, ही त्या कथेची शेपटी. धाग्याच्या गोष्टीत मला रस आहे तो निराळ्या कारणाने. मूर्ती आणि जमीन यांच्यात जेवढे अंतर उरले आहे, त्याहून कितीतरी मोठे अंतर या एका देवाच्या दोन भक्तगणांत पडले.

दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांचा मूर्तीवर हक्क. भांडण जुनेच, पण त्याचा कागदोपत्री इतिहास १९०५ पासून नीट मांडता येतो. त्या वर्षी दोन्ही बाजूंनी एक तडजोड केली आणि पूजेचे वेळापत्रक ठरवले. अमुक तास यांचे, अमुक तास त्यांचे. (योगायोग असा की याच १९०५ साली इंग्रजांनी जुना वाशीम जिल्हा मोडून अकोल्याला जोडला. शिरपूर अकोल्यात गेले ते १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा होईपर्यंत.) तडजोड फार टिकली नाही. १९०८ मध्ये मूर्तीला लेप देताना तिच्यावर कटिसूत्र आणि कच्छोट उमटवले गेले, दिगंबरांनी त्याला हरकत घेतली, आणि १९१० मध्ये प्रकरण अकोल्याच्या न्यायालयात गेले. तिथून नागपूर, नागपूरहून थेट लंडन. १९२९ साली प्रिव्ही कौन्सिलने व्यवस्थापनाचा हक्क श्वेतांबरांकडे ठेवला. पुढे १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले आणि भाविकांनी जवळजवळ बेचाळीस वर्षे लहानशा झरोक्यातून दर्शन घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, मार्चमध्ये दार उघडले. वाद मात्र त्या दारातून बाहेर पडला नाही.

हा सगळा तपशील मी मांडतो आहे तो मंदिराचा निवाडा करण्यासाठी नव्हे. तो न्यायालयाने करावा. मी आयुष्यभर इतिहास शिकवला तो वऱ्हाडातल्या शाळांत, आणि मला या प्रकरणात एक शब्द सतत खुणावत राहिला : वेळापत्रक. भांडणाऱ्या दोन समाजांनी एकच वस्तू वापरायची तर तिचे तास वाटून घ्यायचे, ही युक्ती शिरपूरने १९०५ मध्ये काढली. शाळेतही वेळापत्रक असते. पण शाळेचे वेळापत्रक विषयांचे असते, माणसांचे नसते. पहिला तास मराठीचा असतो, दिगंबरांचा नसतो. वऱ्हाडातले दिगंबर बहुतांशी मराठी बोलणारे, सैतवाळ, बघेरवाल, शेती आणि गावगाड्यात मुरलेले. श्वेतांबर बरेचसे मारवाडी-गुजराती वळणाचे, व्यापारातले. त्यांची मुले मंदिरात एकमेकांची वेळ टळण्याची वाट पाहणारी. वर्गात मात्र एकाच बाकावर बसून तेच पाढे म्हणणारी. इतकी साधी गोष्ट महाराष्ट्रात घडायला किती वर्षे लागली आणि ती पुरती घडली का, हे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात नकारापासून करावी लागते. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. कायद्याने त्याला नाकारण्याचे कारण नव्हते. पण तो आला तर बाकीचे जातील, या भीतीने मुंबई सरकारने त्याला बाहेर ठेवले. कंपनीच्या संचालकांनी पुढे सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व सांगितले, पण तत्त्व विलायतेत राहिले आणि मुलगा व्हरांड्यात. म्हणूनच १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी महार-मांगांची वस्ती मोठी असेल तिथे त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा काढाव्यात असे सुचवले. सोवळ्याओवळ्यामुळे इतर मुलांसोबत त्यांना बसू देत नाहीत, हे त्यांचे कारण. समतेचा एवढा मोठा पुरस्कर्ता वेगळी शाळा मागतो, यात मला विसंगती दिसत नाही. ज्याला आत घेत नाहीत त्याने दारात किती पिढ्या उभे राहायचे? वेगळी शाळा ही पुष्कळदा एकत्र शाळेची पहिली पायरी असते. फक्त त्या पायरीवरच घर बांधले जाण्याचा धोका असतो.

कोल्हापूरची गोष्ट याच पायरीची आहे. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला जोडून एक सर्वांचे वसतिगृह करून पाहिले. ते पाहता पाहता एकाच जातीचे झाले. मग १९०१ पासून त्यांनी दुसरी वाट धरली : मराठ्यांचे वेगळे, जैनांचे वेगळे, पुढे मुसलमानांचे, लिंगायतांचे, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. हे सगळे जातवार होते, म्हणून आज कोणी नाक मुरडेल. पण खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात भाकरी कोण देणार, हा तेव्हाचा खरा प्रश्न होता. शाळा दहा ते पाच. उरलेल्या वेळात मुलगा कुठल्या तरी चुलीपाशी बसणार, आणि चूल जातीची होती. शाळा एक करणे सोपे, स्वयंपाकघर एक करणे कठीण, हे महाराजांनी ओळखले होते. त्यांनी शाळांपुरती सक्ती केली : सप्टेंबर १९१९ च्या हुकमाने अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घ्यायला लावले. स्वयंपाकघराला त्यांनी हुकूम काढला नाही. तो हुकमाने होण्यासारखा विषयही नव्हता.

तो विषय ज्याने हाती घेतला तो माणूस कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात वाढलेला होता, हे शिरपूरच्या वाचकाला मुद्दाम सांगावेसे वाटते. भाऊराव पायगोंडा पाटील, जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज. घराणे दिगंबर जैन. वडील महसूल खात्यात. मुलगा शिक्षणासाठी कोल्हापूरला आला आणि दिगंबर जैन बोर्डिंगात राहिला. तिथले अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे, पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले, विद्वान आणि शिस्तीचे गृहस्थ. चरित्रकार सांगतात ते असे, की मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी अंघोळ करायला त्यांनी नकार दिला. बोर्डिंगातून त्यांना जावे लागले. बादलीभर पाण्याने मिटले असते. तेवढे पाणी त्यांनी अंगावर घेतले नाही.

या गोष्टीला एक जोड आहे, आणि ती मला मूळ गोष्टीहून मोलाची वाटते. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण झाले. त्यात लठ्ठ्यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आले. ज्याने आपल्याला घालवले त्याच्यावर सूड उगवायची याहून चांगली संधी नव्हती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. तुरुंगात छळ सोसला, जीव द्यायचाही प्रयत्न केला, पण साक्ष दिली नाही. मतभेद असलेल्या माणसाशी वागायचे कसे, याचे शिक्षण कुठल्या अभ्यासक्रमात घालता आले असते तर हा एक धडा मी घातला असता.

मधल्या काळात त्यांनी ओगल्यांच्या कंदिलांचे, किर्लोस्करांच्या नांगरांचे काम करीत खेडी पालथी घातली. दूधगावात मित्रांसोबत वसतिगृहाचा प्रयोग केला. आणि १९१९ च्या दसऱ्याला, ४ ऑक्टोबरला, कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. शाहू महाराजांचा शाळांविषयीचा हुकूम आणि ही स्थापना यांत आठवड्याभराचेही अंतर नाही. एकाने शाळेचे दार उघडले आणि दुसऱ्याने स्वयंपाकघराचे, असे मला ती दोन पाने शेजारी ठेवली की वाटते.

१९२४ मध्ये काम साताऱ्यात आले. तिथल्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी मुले एकत्र राहू लागली. राजघराण्याकडून मिळालेली धनिणीची बाग हे त्या वसतिगृहाचे घर, आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. एकत्र राहणे म्हणजे काय, हे तपशिलात गेल्याशिवाय कळत नाही. मुले घरून धान्य आणत. ज्याला जमेल त्याने पायलीभर, ज्याला जमणार नाही त्याने काहीच नाही. ते धान्य एका कणगीत जाई. दळण, पाणी, सरपण, भाकऱ्या, भांडी ही कामे मुलांनीच करायची, आणि ती जातीने नव्हे तर पाळीने. आज ज्याच्या हातचे पीठ, उद्या त्याच्या हातचे पाणी. इथेही वेळापत्रक होते, शिरपूरसारखेच! पण शिरपूरचे वेळापत्रक दोघांनी एकमेकांसमोर येऊ नये म्हणून होते. साताऱ्याचे होते ते प्रत्येकाने प्रत्येकासाठी राबावे म्हणून. एकच साधन किती वेगळ्या कामाला लागते पाहा.

आणि या स्वयंपाकघराच्या मध्यभागी लक्ष्मीबाई. भाऊराव मुलांचे अण्णा, लक्ष्मीबाई मुलांच्या वहिनी. सोवळे पाळणाऱ्या घरात वाढलेली ही बाई. तिने नवऱ्याच्या तत्त्वासाठी फक्त मान डोलावली असती तरी इतिहासाने तिला समंजस म्हटले असते. तिने दागिने दिले, एकदा मुलांच्या पोटासाठी मंगळसूत्रही मोडले. १९३० मध्ये ती गेली. आपल्याकडे मंगळसूत्राची गोष्ट फार वेळा सांगितली जाते, ती त्यागाची म्हणून. मला त्याहून अवघड वाटते ती दुसरी गोष्ट, जिच्यावर भाषणे होत नाहीत : ज्या मुलांची सावली टाळायला तिला लहानपणी शिकवले होते, त्यांच्या ताटात तिने रोज, दोन वेळा, वर्षानुवर्षे वाढले. मंगळसूत्र एकदाच मोडता येते.

भाऊरावांवर एक आक्षेप घेता येईल आणि तो घ्यायला हवा. वसतिगृह घरापासून दूर होते. मुलगा तिथे एका पंगतीला बसला, पण सुट्टीत गावी गेला की पुन्हा जुनीच उतरंड. एकत्र जेवणारी मुले घडली, एकत्र जेवणारी गावे घडली का? रयतच्या शाळा पुढे गावोगाव गेल्या, गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने एकशे एक शाळा काढण्याचा भाऊरावांचा संकल्प सर्वांना ठाऊक आहे. पण शाळा गावात आली तेव्हा पंगत मागे राहिली. मुले जेवायला घरीच जात. विस्तारात पहिला प्रयोग पातळ होतो, याला कोणाचा इलाज नसतो.

आमच्या वऱ्हाडाकडे येऊ. साताऱ्यात वसतिगृह रुजत होते त्याच सुमारास, १९२६-२७ मध्ये, पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. विलायतेहून वैदिक वाङ्मयावर डॉक्टरेट घेऊन आलेला पापळचा हा कुणबी तरुण, मुष्टिफंडातून, म्हणजे घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करून, सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली ठेवतो. तेच दिवस अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या चळवळीचे. नोव्हेंबर १९२७ मध्ये त्यासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. पंजाबरावांनी त्याच महिन्यात जात ओलांडून विमलाबाईंशी लग्न केले. म्हणजे देऊळ, छात्रालय आणि घर, तिन्ही दारे एकदम ठोठावली. त्यांतले देवळाचे दार सर्वांत जड निघाले, छात्रालयाचे सर्वांत हलके. छात्रालयाच्या नावाबद्दल मात्र मनात एक शंका राहते. स्वामी श्रद्धानंद शुद्धी चळवळीचे नेते होते आणि डिसेंबर १९२६ मध्ये त्यांची हत्या झाली. अस्पृश्योद्धाराचे त्यांचे काम पाहता ते नाव योग्यच होते. पण त्या काळच्या वऱ्हाडी मुसलमान बापाला आपला मुलगा या नावाच्या घरात ठेवावासा वाटला असता का? संस्थेचे नाव हीसुद्धा एक चौकट असते, आणि ती कोणासाठी रुंद, कोणासाठी अरुंद.

जैनांपुरते पाहिले तर वऱ्हाडात १९१८ साली कारंज्याला महावीर ब्रह्मचर्याश्रम निघाला. त्याचे संस्थापक देवचंद शहा, पुढचे समंतभद्र महाराज. कारंजा हे भट्टारकांचे जुने पीठ, हस्तलिखितांचे मोठे भांडार. तिथल्या पोथ्यांवर अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणाऱ्या प्रा. हिरालाल जैनांनी काम केले आणि अपभ्रंश वाङ्मयाचे एक दालन उघडले. म्हणजे पंथाच्या गुरुकुलातून, पंथाच्या भांडारातूनही सर्वांच्या उपयोगाचे ज्ञान निघते, हे मान्य करायला हवे. समाजाने आपल्या मुलांसाठी आपली शाळा काढणे हा गुन्हा नाही. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना तो हक्क दिला आहे. त्याच घटनेच्या एकोणतिसाव्या कलमाने सरकारी आणि अनुदानित शाळेचे दार धर्म, वंश, जात, भाषा यांमुळे कोणालाही बंद करता येणार नाही असेही सांगितले आहे. ही दोन कलमे एकमेकांच्या शेजारी आहेत. शेजाऱ्यांसारखीच कधी नांदतात, कधी भांडतात.

इथे थोडे बाहेर पाहू. ज्या १९८१ मध्ये शिरपूरच्या मंदिराला कुलूप लागले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये लॅगन कॉलेज नावाची शाळा अठ्ठावीस मुलांनिशी सुरू झाली. तिथे प्रॉटेस्टंट मुले एका प्रकारच्या शाळेत आणि कॅथलिक मुले दुसऱ्या प्रकारच्या शाळेत जात. रस्त्यात बाँब फुटत होते. अशा वेळी दोन्हीकडच्या काही आईबापांनी मुद्दाम ठरवून एकत्र शाळा काढली, स्काउटांच्या एका जागेत. सरकारने काढली नाही, पाद्र्यांनी काढली नाही. मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, एकत्र शाळा आपोआप होत नाही, तिच्यात दोन्ही बाजूंची मुले किती असावीत हेदेखील जाणून ठरवावे लागते. दुसरी, ती लहान राहते. आजही तिकडची बहुसंख्य मुले आपापल्या शाळांतच जातात.

आमच्याकडे बेलफास्टसारखी फूट नाही, निराळी आहे. वऱ्हाडातल्या मोठ्या गावांत जिल्हा परिषदेची मराठी शाळा असते आणि उर्दू शाळा असते. मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व रास्तच, त्यावर माझा आक्षेप नाही. पण भाषेची रेघ गावात धर्माच्या रेघेवरच पडते, आणि सहा वर्षांची मुले शेजारी राहून वेगळ्या फाटकांतून जातात. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये परिसरातली सगळी मुले एकाच शाळेत जावीत अशी शिफारस केली, ती कागदावर राहिली. २००९ च्या कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बलांच्या मुलांना मिळाल्या, तेव्हा ऐपत असलेल्यांची मुले आधीच जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघून गेली होती. आज अशा शाळेत गेलात तर तिथे सगळ्या जातींची मुले भेटतील, पण गरिबांचीच. जुन्या भिंती थोड्या खचल्या आणि फीची नवी भिंत उभी राहिली. शिरपूरच्या भांडणातल्या दोन्ही बाजूंच्या सुस्थित घरांतली मुले आज एकाच इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसत असतील, तर ते ऐक्य कोणाच्या खात्यावर मांडायचे?

सार्वत्रिक झालेली एकच पंगत मला दिसते, ती खिचडीची. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, २००४ मध्ये स्वयंपाकासाठी दलित-आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यायला सांगितले. मागे राहिलेली साताऱ्याची पंगत ऐंशी वर्षांनी गावच्या शाळेत आली, तीही न्यायालयाच्या हुकमाने. म्हणजे स्वयंपाकघर हुकमाने होत नाही हे मी वर लिहिले, ते पूर्ण खरे नाही. शाहू महाराजांच्या काळी होण्यासारखे नव्हते एवढेच. भांडण अर्थात इथेही आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आहारात आठवड्याला एक अंडे दिले, न खाणाऱ्याला केळे. त्याला विरोध झाला, त्यात जैन संघटनाही होत्या. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांचा निधी थांबवला. ज्या मुलाला घरी अंडे मिळत नाही त्याचे काय, हा प्रश्न मला पडतो. न खाणाऱ्याला शेजारच्या ताटातले अंडे सोसवत नसेल, तर पंगत एक राहील कशी, हाही पडतो. भाऊरावांच्या घरी दोन्ही प्रश्न आले असणार. त्यांनी एका मुलाच्या अन्नाचा नियम दुसऱ्यावर लादला असता तर पंगत पहिल्याच आठवड्यात मोडली असती.

आमच्या भागातल्या एका गावात मी दोन-तीन वेळा गेलो आहे. इमारत एकच. सकाळी तिथे उर्दू शाळा भरते, दुपारी मराठी. खोल्या त्याच, फळे तेच, भिंतीवर एका बाजूला अलिफ-बे आणि दुसऱ्या बाजूला मुळाक्षरे. म्हणजे शिरपूरची १९०५ ची तडजोड, जशीच्या तशी. मुले एकमेकांना फाटकात भेटतात, एक घोळका बाहेर पडताना, दुसरा आत येताना. शनिवारी मात्र दोन्ही शाळा सकाळीच भरतात, आणि तेवढ्या खोल्या नाहीत. मग मोठ्या वर्गांना खोल्या देतात आणि दोन्हीकडची लहान मुले ओसरीवर आणि निंबाखाली बसतात. स्वयंपाकाची बाई त्या दिवशी दोनदा चूल पेटवत नाही. एकाच पातेल्यात शिजवते आणि सगळ्यांना एकदम बसवते. कोणी ठरवून केलेले नाही. मी दोन्ही मुख्याध्यापकांना विचारले, तर ते म्हणाले, खोल्या वाढवून मिळाव्यात म्हणून अर्ज केला आहे.